त्राटिकेला खुंटी नको

मी एक जुना मुखवटा आहे, आणि खुंटीवर टांगून घ्यायला मी आजही तयार नाही. आधीच सांगून ठेवतो, मित्रांनो, म्हणजे नंतर वाद नको.

पेठच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यावर दर चैत्रात बोहाडा होतो. देवांची नि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचत निघतात. मी त्राटिका राक्षसिणीचं सोंग. सावरीच्या लाकडातून मला कोरलं, लाल रंग दिला, सुळे बसवले. नाकपुड्यांना दोन भोकं ठेवली. नाचणाऱ्याला त्यातून जेमतेम बोटभर जग दिसतं. मला नाचवायचा मान बुधाच्या घराण्याचा. बुधाने मला चाळीस वर्षं नाचवलं. म्हातारी माणसं मला हात जोडत, पोरं भिऊन आईच्या पदरात शिरत. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

१९९६च्या बोहाड्यानंतर बुधाच्या गुडघ्यांनी हात टेकले. त्याचा मुलगा यादव नाशकात कारखान्यात कामाला. त्याला नाचाशी देणंघेणं नव्हतं. मी खुंटीवर गेलो. माझ्या कानात कुंभारमाशीने घर केलं. पाड्याचा रिवाज असा, की तीन वर्षं सोंग निघालं नाही तर ते नदीत सोडून द्यायचं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं.

मग बुधाने नाच शिकवायला रविवारी शाळेच्या ओट्यावर पोरं जमवली. बिस्किटांचे रिकामे खोके मुखवटे म्हणून त्यांच्या डोक्यावर घातले आणि घाईघाईत भोकं पाडायलाच विसरला. पोरं एकमेकांवर आदळली, बघणारे पोट धरून हसले. बुधा मात्र हसला नाही. नवसा नावाची एक मुलगी एकदाही धडपडली नव्हती. ती फक्त संबळ ऐकून पाय टाकत होती. त्या दिवसापासून त्याने खोक्यांना भोकं पाडलीच नाहीत. द्राक्षांच्या हंगामात नवसा आईबापाबरोबर दिंडोरीला मजुरीला गेली, तेव्हा खोकाही घेऊन गेली.

पाड्यातला वडीलधारा रंगनाथ घरी येऊन चिडला. "बुधा, सोंग पोरीच्या डोक्यावर चढत नाय. आन ती तुझ्या घरचीबी नाय."

"त्राटिका बाई हाय का बाप्या?" बुधाने विचारलं.

"सोंगाचं येगळं."

"काय येगळं नाय. मान माझा, मी तिला देतो. चुकली तर ह्या सोंगासंगं मलाबी नदीत सोडा."

खुंटीवर माझे सुळे शिवशिवले. असं माझ्यासाठी कोणी भांडलं नव्हतं.

तिसऱ्या चैत्रात, सकाळच्या उजेडात मी नवसाच्या डोक्यावर चढलो. चाळीस वर्षं मी एकाच डोक्याला सवकलेलो. हिचं डोकं लहान. पहिल्याच गिरकीत पट्टा सैल झाला, मी घसरलो आणि भोकं तिच्या गालांवर आली. आत सगळा काळोख. रंगनाथ उठून उभा राहिला. मला वाटलं, आता नदी. नवसाने मला सावरायला हातसुद्धा वर केला नाही. तिने संबळाकडे कान लावला आणि शेवटपर्यंत नाचली. बुधाच्या सात पिढ्यांत मला असं कोणी नाचवलं नव्हतं. रंगनाथने हात जोडले. मला की तिला, ते त्यालाच ठाऊक.

बुधा बांधावर बसून रडत होता. बोहाड्याला नाशकाहून आलेल्या यादवला म्हणाला, "चाळीस वर्सं मी हिच्या आत व्हतो. त्राटिका दिसते कशी, ते मला कदी दिसलंच नाय. पोरांना शिकवलं, तवा आज दिसली. माझ्या नाचापरीस हे लय मोठं."

आता बुधा नाही. नवसाबाई दर रविवारी अकरा पोरांना शिकवते, त्याच बिनभोकाच्या खोक्यांत. मध्यंतरी शहरातून एक साहेब आले. मला काचेच्या कपाटात नीट जपतो म्हणाले. नवसाबाईने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, उंच ठेवा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगतो, वापरा. माझा रंग उडालाय, एक सुळा तुटलाय, आतून मी घामाने काळा पडलोय. तो घाम बुधाचा आणि नवसाबाईचा आहे, तो मी पुसू देणार नाही. यंदा माझ्यासाठी नवं डोकं ठरलंय, नऊ वर्षांच्या तृप्तीचं. पट्टा पुन्हा सैल होणार. होऊ द्या.