खाली उतरणारे दिवे

दातांच्या नव्या दवाखान्यात छतातले सोळा गोल दिवे सकाळपासून जळत होते. त्यांच्याखाली म्हातारा वायरमन दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. काम सुनेनं केलेलं, तिचं स्वतःचं पहिलंच. परवाना मात्र अजून त्याच्या नावावर. त्याची सही झाल्याशिवाय दवाखाना उद्या उघडणार नव्हता. स्वतः हात न लावलेल्या कामावर त्यानं एक्केचाळीस वर्षांत कधी सही केली नव्हती, आणि हे काम छताच्या पोटात. शिडी त्याची वर्षापूर्वीच सुटली होती.

त्यात त्या वायरीचं निमित्त. सुनेनं जंक्शन बॉक्सपर्यंत जाड वायर नेली होती. तिथून प्रत्येक दिव्याला बारीक गेजची, मऊ, लवचिक वायर. बुटाच्या नाडीनं दिवे बांधलेस, असं तो घरी दोन दिवस ऐकवत होता. तिनं समजावलं होतं, एका वायरीवर एकच दिवा, तोही जेमतेम पंधरा वॉटचा. हिशेब पटत होता, मन मानत नव्हतं.

दुपारी तिनं मेन स्विच बंद केला, टेस्टरनं खात्री केली आणि स्टुलावर चढली.

"बाबा, उभे राहा."

"मी चढणार नाही हं."

"तुम्ही नका चढू. दिवाच येईल."

तिनं एका दिव्याच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा दाबल्या. दिवा भोकातून सुटला आणि वायरीसकट अलगद त्याच्या छातीपर्यंत उतरला.

त्यानं सवयीनं हाताची मागची बाजू वायरीला लावली. चार तास जळूनही कोमटसुद्धा नव्हती. मग जोरात ओढून पाहिली. चष्म्यावर चुना पडला, पण बॉक्सच्या तोंडाशी क्लिप होती, जोड हलला नाही.

तो त्या भोकाकडे बघत राहिला. त्याची जाड वायर कधी अशी वाकली नाही. दिवा परत आत कोंबताना त्या ताठ वायरीच्या जोरानं कुठला तरी स्क्रू सैल व्हायचा, महिन्याभरात बोलावणं यायचं, की पुन्हा शिडीवर, डोकं भोकात, दोन्ही हात वर. इतकी वर्षं तो शिव्या दिव्यांना देत आला होता.

"झालं समाधान?"

"एकाचं झालं. बाकीच्या पंधरांनी काय पाप केलंय?"

तिनं एकेक करून सगळे उतरवले, त्यानं सगळ्यांना हात लावला. अकराव्याला ती म्हणाली, इतके तर डॉक्टर दातसुद्धा तपासत नसतील. तो हसला नाही, पण बाराव्याला त्यानं स्टूल स्वतः सरकवून दिलं.

फॉर्मवर सही करून त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"आपल्या स्वयंपाकघरातला दिवा गेलाय ना?"

"रविवारी बदलते, बाबा."

"बदल. पण असाच, नाडीवाला बसव. पुढच्या वेळी तू फक्त खाली सोड, मी बदलेन."