फक्त काळी शाई

जपानातल्या मात्सुमोतोचे कुवाबारा तोकुजी बावीस डिसेंबरला वारले. तसं काही झालंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण तेवीस तारखेला ते संत्रं सोलत बसले होते.

सुरुवात प्रिंटरपासून झाली. दुकानात पाहतात तर शाईचा संच महाग आणि प्रिंटर स्वस्त.

"जनावर स्वस्त, चारा महाग," ते बायकोच्या, फुसाएच्या कानात कुजबुजले. "खादाड असणार हे."

"अहो, नववर्षाची कार्डं छापायचीत. नांगराला नाही जुंपायचंय."

पण कार्डांचा मामला नाजूक होता. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या वर्षश्राद्धाला तोकुजींनी थोरल्या बहिणीच्या मुळ्याच्या लोणच्याला खारट म्हणून नाव ठेवलं होतं. तेव्हापासून निइगाताच्या तोमिएताईनं अबोला धरला. यंदा तिच्या कार्डावर लाल अक्षरांत छापायचं ठरलं होतं: 'ताई, चूक माझी.' तोंडानं म्हणणं त्यांना जमण्यातलं नव्हतं.

घरी आणल्यावर प्रिंटर एक अक्षर न छापता पाच मिनिटं नुसताच घुरघुरला.

"पितोय," तोकुजी म्हणाले. त्यांनी शाईच्या डब्या काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलल्या आणि वजनं वहीत टिपून ठेवली.

बाराव्या कार्डानंतर पडद्यावर आलं: निळी शाई संपली. कार्डावर निळा ठिपकासुद्धा नव्हता.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

मग पडद्यानं विचारलं: रंगीत भाग वगळून छापू का? तोकुजींना वाटलं, यंत्र शरण आलं. त्यांनी 'हो' दाबलं. "आता पी म्हणावं काय प्यायचं ते!"

उरलेली साठ कार्डं भराभर निघाली. यंत्र सूड म्हणून पत्ते बदलेल या संशयानं त्यांनी प्रत्येक पत्ता तीनदा तपासला. कार्ड उलटून मात्र एकदाही पाहिलं नाही.

मागे 'नववर्षाभिनंदन' लाल होतं, ते गेलं. ताईची माफी गेली. उरलं ते 'आजवरच्या लोभाबद्दल आभारी आहे' आणि खाली तोकुजींचा हसरा फोटो, राखाडी. तिकिटाखालची नववर्षाची लाल खूणही गळाली होती, पण पत्त्यांच्या नादात ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या खुणेशिवाय टपालखातं कार्डं एक जानेवारीपर्यंत राखून ठेवत नाही, लगेच वाटून टाकतं; बावीस तारखेला ती घरोघर पोचली. आणि डिसेंबरात राखाडी कार्ड येतं ते सुतकाच्या घरूनच.

तेवीस तारखेला दाराची घंटा वाजली. बाहेर तोमिएताई. अंगात काळे कपडे, हातात पांढरी शेवंती आणि उदबत्त्यांचा डबा. तिनं संत्रं खाणाऱ्या भावाकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, पुन्हा भावाकडे.

"तोकु, तू मेलायस."

"नाही गं ताई, शाई संपली."

"स्वतःच्या नावानं स्वतःचं सुतक कळवणारा तू पहिलाच! गाडीत वाटभर रडत आले मी, मेल्या."

"त्यावर लाल अक्षरांत होतं..."

"काय होतं?"

तोकुजींनी आशेनं प्रिंटरकडे पाहिलं. तो गप्प. "ताई, चूक माझी. मीठ बरोबर होतं."

ताईनं शेवंती फुसाएच्या हातात दिली आणि पिशवीतून लोणच्याची बरणी काढली. ताई तीन जानेवारीपर्यंत राहिली. लोणचं खारटच होतं. तोकुजींनी रोज दोनदा मागून घेतलं.

निघताना ती म्हणाली, "जिवंत आहेस म्हणून आले असते असं समजू नकोस. आता पुढच्या वेळी मेलास की येईन."

चार जानेवारीला नगर कार्यालय उघडताच तोकुजींनी खिडकीत अर्ज सरकवला:

'सदर अर्जदार हयात असून, त्यास दरवर्षी २२ डिसेंबर ते ३ जानेवारी या मुदतीपुरते मृत म्हणून नोंदवावे आणि तशी सूचना निइगाता येथील थोरल्या भगिनीस टपालाने पाठवावी. पडताळणीसाठी अर्जदार दोन्ही अवस्थांत घरीच उपलब्ध राहील. सूचना हाताने लिहावी. प्रिंटर वापरू नये, ही विनंती.'