तळव्यावर छापलेला हात

खोकं उघडून आत बघितल्यावर व्हर्जिल गप्पच झाला. माझा नवरा गप्प झाला की मला धडकी भरते. गप्प म्हणजे हात थांबले. आम्ही दोघंही जन्मापासून बहिरे, हार्लो क्रीकच्या कर्णबधिर शाळेत शिकलो आणि आता तिथंच शिकवतो. मी गणित, तो इतिहास, आणि दुपारनंतर तो फुटबॉलचा कोच. आमचा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. लांबुळका चेंडू एकानं हातानं फेकायचा, दुसऱ्यानं पळत जाऊन झेलायचा, आणि झेलणाऱ्याला समोरच्यांनी आडवं पाडायचं. नेब्रास्काच्या या कोपऱ्यात गावं लहान, शाळा लहान, म्हणून संघ आठ-आठ जणांचेच.

खोक्यात झेल घेणाऱ्यांचे हातमोजे होते. नारिंगी, काळे, चकाकणारे. सगळे एकाच मापाचे, आणि ते मापही चांगलं थोराड. पण व्हर्जिल बघत होता तो तळवा. प्रत्येक तळव्यावर एक पंजा छापला होता. अंगठा, तर्जनी आणि करंगळी ताठ, मधली दोन बोटं मिटलेली. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे.’ ऐकू येणाऱ्या लोकांना आमच्या भाषेतली एवढी एकच खूण ठाऊक असते, आणि ती ते टी-शर्टवर, चहाच्या मगावर, जिथं जागा मिळेल तिथं छापतात. पंजाखाली मोटारी विकणाऱ्या हॅल्बर्ट स्ट्राउडच्या दुकानाचं नाव.

“हातावर हात,” व्हर्जिल शेवटी म्हणाला. “लोर्ना, यांनी पोरांच्या हातावर हात छापलाय.”

मला समजायला एक क्षण लागला. मग मी एक मोजा चढवला आणि त्याला साधं ‘तीन’ दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले. माझी तीन बोटं आणि छापलेली तीन बोटं मिळून नुसता गुंता झाला होता.

हातमोजे निवडणं हे व्हर्जिलच्या लेखी फार मोठं काम. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की तो झेल घेणाऱ्या पोरांना घेऊन शहरातल्या दुकानात जातो आणि तिथल्या विक्रेत्याचा जीव काढतो. पुढच्या फळीतल्या धक्के खाणाऱ्यांचे जाड, गादीवाले मोजे बाजूला. झेलणाऱ्याचा मोजा पातळ हवा, तळवा चिकट हवा. बोटाच्या टोकाशी जरासुद्धा रिकामं कापड नको. मूठ वळल्यावर तळव्याला सुरकुती पडली, तर मोजा मोठा. इथवर कुठलाही कोच सांगेल. पण त्यापुढं आमचं सुरू होतं. पोरगा मोजे घालून दुकानाबाहेर, पार गाडीतळाच्या टोकाला जातो आणि तिथून बोलतो. इकडं बाकीच्यांनी वाचायचं. एकाला जरी चुकीचं दिसलं, तरी तो जोड परत फळीवर.

टेव्हियननं यंदा सगळ्यांना रडवलं होतं. ओमाहाहून आलेला, सणसणीत उंच, आमचा सगळ्यात चांगला झेलणारा. जोडावर जोड घालून बघत होता. चेंडू फेकणारा मायलो कोवारिक वैतागून म्हणाला, “अरे, लग्नाचा सूट घेतोयस का?”

“तू फेकतोस आणि मोकळा होतोस. लांबून बोलायचं मला असतं,” टेव्हियन म्हणाला. मग त्यानं निवडले ते पांढरे, वर एक अक्षर नसलेले. “माझा हात काळा, जर्सी निळी. पांढरंच उठून दिसेल, कोच.” आणि खरंच, गाडीतळाच्या त्या टोकावरून त्यानं मायलोच्या आत्याच्या स्वयंपाकाची जी टिंगल केली, तिचा शब्दन् शब्द आम्हाला वाचता आला.

तर असे निवडलेले मोजे कपाटात असताना हे खोकं आलं. व्हर्जिल ते तसंच उचलून मुख्याध्यापिकेच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेले, कारण त्याला एकट्याला जाऊ देणं बरं नव्हतं.

कॉरीन अल्डस बाई ऐकू येणाऱ्या. आमची भाषा त्यांना ‘कशा आहात’ आणि ‘छान’पर्यंत येते. महत्त्वाचं काही असलं की त्या तोंडानं बोलतात आणि डेलिया ते हातांनी आम्हाला सांगते. डेलिया शाळेची दुभाषी.

“रंग किती छान आहेत ना?” बाई म्हणाल्या.

“हे निवडले कुणी?”

“भेट आहे, व्हर्जिल. शुक्रवारच्या सामन्याला जुने विद्यार्थी येणार, टीव्हीवाले येणार. पोरांनी हे घातलेले दिसायला हवेत. स्ट्राउड विश्वस्त मंडळावर आहेत, हे मी सांगायला नको.”

“पोरांना यातून बोलायचं असतं. तुमच्या तोंडावर दुसरं तोंड छापलं, तर तुम्ही वर्ग घ्याल?”

डेलियानं ते जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण बाईंचा चेहरा लाल झाला.

“अहो, शेवटी हातमोजेच आहेत.”

“मापसुद्धा एकच आहे. बोटांची टोकं लोंबतायत.”

“एक सामना, व्हर्जिल. एकच. तुम्हाला जमणार नसेल, तर शुक्रवारी संघ मैदानात उतरवायला मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.”

घरी येऊन त्यानं स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं अशी आपटली, की माझ्या तळपायांना जमिनीतून हादरे जाणवले. “संघच उतरवत नाही,” म्हणाला. मग म्हणाला, “पण पोरांचे आईबाप लांबलांबून पहाटे निघून येतील.” मग पुन्हा एक दार आपटलं. शेवटी त्यानं ठरवलं, मध्यंतरापर्यंत घालू द्यायचे, फोटो निघू द्यायचे, आणि मग उतरवायचे. जेवला नाही. मीही नाही.

शुक्रवारी उत्तरेचा वारा सुटला होता. दुपारचं ऊन असूनही गार. मी नेहमीसारखी पाण्याच्या बाटल्या आणि पट्ट्यांची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला होते. आमचा खेळ सगळा डोळ्यांचा. समोरचा संघ कसा उभा राहिलाय ते बघून टेव्हियन कडेवरून मायलोला खूण करतो, ‘आत वळतो’, ‘बाहेर वळतो’ किंवा ‘सरळ पळतो’. त्या खुणा पोरांनी स्वतः बनवलेल्या, बोटांच्या बारीक फरकाच्या.

पहिल्याच फेकीला टेव्हियन बाहेर वळला आणि चेंडू आत गेला. पोरानं दोन्ही हात उडवले. “बाहेर म्हटलं होतं!”

“दिसत नाही!” मायलो ओरडला. म्हणजे हात मोठे करून म्हणाला. “तुझा हात म्हणजे चित्र झालंय!”

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मायलोनं खूण वाचायचा नाद सोडला आणि चेंडू उंच, आंधळा फेकून दिला. टेव्हियन त्याच्या मागं धावला, मागं वळत हवेत उडाला. चेंडू त्याच्या हातापर्यंत पोचलाही. पण चेंडूचं टोक आदळलं ते उजव्या हाताच्या बोटापुढं लोंबणाऱ्या रिकाम्या कापडावर. कापड दुमडलं, आणि आतलं बोट त्याच्यासोबत मागं गेलं.

तो खाली पडला आणि लगेच उठून उभा राहिला. उजवा हात छातीशी धरून डाव्यानं म्हणाला, “बोट. बोट गेलं.”

मोजा निघेना. मी कात्री घेतली आणि तो छापलेला पंजा मधून कापला. कात्री चालवताना मला इतका राग आला होता, की पोराला लागू नये म्हणून मी दोनदा थांबले. आत अनामिका बाजूला वळली होती, जणू दुसऱ्याच कुणाची. प्रेक्षकांमधून डॉक्टर आला. त्यानं बोट जागेवर बसवलं, खाली पट्टी दिली, शेजारची दोन बोटं त्याला बांधली आणि मनगटापर्यंत सगळं गुंडाळून टाकलं. काम त्यानं चोख केलं. पण टेव्हियन बोलतो तो उजव्या हातानं. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराचं तोंड बांधलं जात होतं, आणि वर मला डॉक्टरचे आभार मानावे लागले.

मध्यंतरात आमचा संघ गोलखांबांच्या मागं गवतावर बसला. व्हर्जिल एकच शब्द बोलला. “काढा.”

पोरांनी मोजे काढले आणि फेकले. एकानं त्यावर बूट घासले. तेवढ्यात अल्डस बाई डेलियाला घेऊन आल्या.

“फोटोग्राफरचं काम झालेलं नाही अजून,” त्या म्हणाल्या. “टेव्हियनला लागलं त्याचं वाईट वाटतं, पण खेळात लागतंच. चला, घाला बघू परत.”

मायलो उभा राहिला. “मॅडम, यातून मला त्याचं बोलणं दिसत नव्हतं. म्हणून मी चेंडू कसाही फेकला. म्हणून त्याला लागलं.”

“किती प्रेमानं दिलेत ते, मायलो. जरा कृतज्ञता…”

मायलोनं मान वळवली. त्याच्या शेजारच्यानं वळवली. मग सगळ्यांनी, एकामागून एक, टेव्हियननंसुद्धा. कुणी शेताकडं बघू लागलं, कुणी डोळेच मिटले. आमच्या भाषेत याहून मोठी शिवी नाही. डेलियाचे हात वाक्याच्या मधोमध हवेत होते आणि बघणारं कुणी नव्हतं. तिनं ते सावकाश खाली घेतले. बाई मात्र बोलतच होत्या, त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते.

त्या गर्दीत स्ट्राउड आला. अंगानं भरभक्कम, डोक्यावर टोपी, फोटोला म्हणून हसत आलेला. गवतातला कापलेला मोजा त्यानं उचलला आणि हसू गेलं.

“आवडले नाहीत का यांना?” त्यानं विचारलं. डेलियानं आम्हाला सांगितलं. “मला तर कळवलं होतं की पोरांनीच हा नमुना पसंत केला. मी तीन पाठवले होते. एक अगदी साधा होता. मापंही मागितली होती.”

व्हर्जिलनं बाईंकडं बघितलं. स्ट्राउडनंही बघितलं.

“या वयात मुलांना भडक आवडतं,” बाई म्हणाल्या. “आणि मापं घेत बसायला वेळ कुठं होता?”

मला वाटलं, आता व्हर्जिल त्यांच्या अंगावर जाणार. पण तो स्ट्राउडकडं वळला.

“मला खरंच वाईट वाटतंय,” स्ट्राउड म्हणाला.

“तुमचं दुकान इथून किती लांब आहे? मोटारी विकता ना तुम्ही? एक काढायची आणि यायचं. मैदानावर उभं राहायचं आणि पोरांना विचारायचं. विचारायला तुम्हाला दुसऱ्याचं तोंड का लागलं?”

डेलिया ते सांगत असताना स्ट्राउडनं टोपी काढली. व्हर्जिल ती बघायला थांबला नाही. पोरांचे जुने मोजे आणायला तो कपाटाकडं निघाला होता.

सामना आम्ही हरलो. चांगलेच हरलो. टेव्हियनच्या जागी कुणी नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक झाली. बाईंनी तक्रार केली होती की कोचनं पोरांना बेशिस्त शिकवली. स्ट्राउडनं तिथं उभं राहून खरं काय ते सांगितलं, एवढं मी त्याच्या पदरात टाकते. मंडळानं बराच खल करून ठरवलं की दोन्हीकडून गैरसमज झाला. दोन्हीकडून! यापुढं खेळाचं सामान कोच निवडेल, असं ठरलं, आणि बाई आपल्या खुर्चीत आहेत तशाच राहिल्या. टेव्हियनला कुणी ‘चुकलं’ असं म्हटलं नाही. माझ्या वर्गात तो डाव्या हातानं उत्तरं द्यायचा, अडखळत, आणि मी पुन्हा विचारलं की फळ्यावर मूठ आपटायचा. मी त्याला रागावले नाही.

त्यानंतरचा सामना शेजारच्या गावात होता. टेव्हियन खेळणार नव्हता, पण हट्टानं आला आणि जर्सी घालून कडेला उभा राहिला. मध्यंतरानंतर त्यांच्या एका धटिंगणानं आमच्या झेलणाऱ्याला चेंडू यायच्या आधीच ओढून पाडलं. हे नियमाबाहेरचं, पण पंचानं बघूनही दंड दिला नाही. टेव्हियन सुटला. एका हातानं, तोही डावा, तो पंचाबद्दल, पंचाच्या डोळ्यांबद्दल आणि पंचाच्या घरच्या कुत्र्याबद्दल जे बोलला, ते मी इथं लिहीत नाही. पट्टीतला उजवा हातही मधेमधे उसळत होता.

पंच तरातरा आला. “काय म्हणतोय हा?” त्यानं डेलियाला विचारलं.

डेलियानं माझ्याकडं बघितलं, व्हर्जिलकडं बघितलं. मग ताठ उभी राहिली आणि तिनं शब्दन् शब्द सांगितला. पंचानं पिवळं फडकं काढून आमच्यासमोर फेकलं, दंड म्हणून आमच्या संघाला मैदानात पंधरा यार्ड मागं नेलं.

टेव्हियन धापा टाकत व्हर्जिलसमोर आला. “सॉरी, कोच.”

“कुत्र्याचं नीट दिसलं नाही मला,” व्हर्जिल म्हणाला. “पुन्हा सांग. सावकाश.”