माझ्यातून निसटलेलं

मी गाळणी बोलतेय. कॉफीची नव्हे हं! वीतभर लांब, आतून पोकळ, पांढऱ्या भाजक्या मातीची नळी आहे मी. माझी भोकं इतकी बारीक, की पटकीचे जिवाणूसुद्धा माझ्या पाठीवरच अडकून बसतात. एकेकाळी मला याचा भारी ताठा होता.

समुद्रापलीकडच्या एका भट्टीत माझा जन्म झाला. एकोणीसशे एकतीस साली, भुशाच्या पेटीत बसून मी तंजावरला आले. सरकारी इस्पितळामागच्या लहानशा प्रयोगशाळेत चिदंबररावांनी मला बाहेर काढलं. इथल्याच मराठी घराण्यातले, चाळिशीला टेकलेले गृहस्थ. बोलणं थोडं आणि हात हलका. माझ्यावरचा भुसा फुंकून ते म्हणाले, "बघू, तुझ्यातून काय निसटतं ते."

मला हसूच आलं. माझ्यातून आणि निसटणार?

पण त्यांनी वाचलं होतं, की पाण्यात जिवाणूंना खाऊन टाकणारं काहीतरी असतं. त्याला बॅक्टेरियोफेज म्हणतात. ते कुठल्याही गाळणीतून पार जातं आणि सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. मोठमोठे विद्वान म्हणत, तो नुसता रस आहे. चिदंबररावांना ते पटेना. जेवणाचा डबा घेऊन येणाऱ्या बायकोला, राजमबाईंना, ते सांगत, "जे खातं, त्याला अंग असलंच पाहिजे. त्याचं रूप एकदा बघायचं आहे मला. मग हे डोळे गेले तरी चालतील."

"भलतंच काय बोलता!" राजमबाई रागावत.

त्या साली जवळच्या पापनाशम गावात पटकी पसरली. आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी राजमबाईंनी रिवाजाप्रमाणे तिरुवैयारूला कावेरीची पूजा केली, तांब्याच्या चोंबूत, म्हणजे लोट्यात, नदीचं पाणी आणलं आणि रात्रभर देवापुढे ठेवलं. सकाळी चिदंबररावांनी त्यातलंच पाणी माझ्यातून गाळलं. एका काचेच्या नळीत नुसते पटकीचे जिवाणू घातले, दुसरीत जिवाणू आणि माझं गाळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी पहिली नळी जिवाणू वाढून गढूळ झाली होती, दुसरी नितळच्या नितळ! त्यांचा आनंद गगनात मावेना. त्या भरात त्यांनी इस्पितळाचे मोठे डॉक्टर सांबशिव यांना चिठ्ठीने कळवून टाकलं, की औषध सापडलं. पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि पापनाशमच्या गाडीने त्या धाडायचं ठरलंही.

मला त्या पाण्यात तांब्याची चव लागली होती. पण सांगणार कशी? मला तोंड कुठे आहे?

एक कसोटी राहिली होती. नितळ नळीतला एकच थेंब त्यांनी ताज्या जिवाणूंत टाकला. खाणारा खरोखर असेल, तर तो थेंबातूनही वाढेल. सकाळी नळी दुधासारखी गढूळ! म्हणजे खाणारा कोणी नव्हताच. डबा घेऊन आलेल्या राजमबाईंच्या हातात पाण्याचा चोंबू होता. चिदंबररावांनी त्या चोंबूकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"जिवाणू मारले ते या चोंबूच्या तांब्यानं. माझ्या बाटल्यांत दुसरं काही नाही."

"अय्यो! पाणी शुद्ध राहतं म्हणून तर चोंबूत ठेवायला सासूबाईंनी सांगिटलं होतं!" त्यांनी चोंबू खाली ठेवला. "चोंबू माझा, पण चिठ्ठी तुमची. गाडी सुटायच्या आत जाऊन सांगा."

"लोक हसतील."

"हसूं देत. पापनाशमचे लोक विश्वासानं पितील ते."

ते धावत गेले. डॉक्टर सांबशिवांनी बाटल्या ओतून दिल्या आणि म्हणाले, "वेळेवर आलात. आता खरं शोधा." मला तेव्हा चिदंबररावांचा फार अभिमान वाटला.

मग उकळलेल्या काचेच्या बाटल्यांतून पाणी येऊ लागलं. किती घाट, किती विहिरी झाल्या! सगळं व्यर्थ. शेवटी पापनाशमची साथ ओसरल्यावर तिथल्याच कालव्याचं पाणी आलं. एक थेंब, त्यातून एक थेंब, करत दहाव्या नळीपर्यंत पोचलो, आणि दहावीही नितळ! चिदंबररावांनी नकळत हात जोडले. मी तर थक्क झाले. कोणीतरी माझ्या अंगातून आरपार गेलं होतं आणि मला त्याचा स्पर्शही कळला नव्हता. माझा ताठा त्या दिवशी उतरला.

पुढची चौदा वर्षं ते त्याच्याच मागे होते. माझ्याहून बारीक भोकांचे पडदे त्यांनी हाताने बनवले. एका पडद्यात ते अखेर अडलं. म्हणजे त्याला आकार होता! "मोहरीसारखं गोल असणार," ते म्हणत. पण दिसलं मात्र कधीच नाही. तोवर मला तडा गेला आणि त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला. निवृत्त होताना त्यांनी मला रुमालात गुंडाळून घरी आणलं.

एके सकाळी डॉक्टर सांबशिवांनी एक विलायती मासिक पाठवलं. कुठल्याशा नव्या यंत्राने अशाच एका जिवाणू खाणाऱ्याचा फोटो निघाला होता. चिदंबररावांनी पान नाकाशी नेलं, उजेडात धरलं. त्यांना पांढऱ्या कागदापलीकडे काही दिसेना. मला ते बघवेना.

राजमबाईंनी मासिक काढून घेतलं, निरखून पाहिलं आणि तांदळाच्या पिठीचा डबा घेऊन अंगणात बसल्या. सडा घातलेल्या जमिनीवर त्यांनी फोटोतल्या आकाराचं हातभर लांबीचं कोलम, म्हणजे रांगोळी, काढलं. मग नवऱ्याचं बोट धरून रेघेवर टेकवलं.

"हे डोकं. आणि हे..."

"शेपूट?" ते ओरडलेच. "त्याला शेपूट आहे?"

"तुमची मोहरी शेपूटवाली निघाली हो!"

ते हसले, आणि हसता हसता रडले. एवढं चुकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता रोज सकाळी दारात तेच कोलम पडतं. शेजारणी विचारतात, हे कुठल्या देवीचं यंत्र? राजमबाई नुसत्या हसतात. मी खिडकीत चोंबूशेजारी असते. वाचकहो, मला टाकाऊ समजून फेकू मात्र नका. कारण त्या पहिल्या दिवशी चिदंबररावांनी मलाही उचलून अंगणात नेलं, कोलमाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "बघ गं, हे गेलं होतं तुझ्यातून."

मग आम्ही दोघांनी ते पाहिलं.