जीवशास्त्र कोणी घ्यायला सांगितलं?

मिसेस हॉगेन म्हणजे कॉलेजात विषय निवडायला मदत करणाऱ्या बाई. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "मारेन, तुला डेंटिस्ट व्हायचंय ना? मग मुख्य विषय जीवशास्त्र का घेतलास?"

मारेनला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. "घ्यावंच लागतं ना?"

"कोण म्हणालं? डेंटल कॉलेजला विज्ञानाचे ठरावीक पेपर लागतात. ते तू छान केलेस. मुख्य विषय कुठलाही चालतो. तुझी सरासरी बुडवली ती या शेवाळांनी आणि किड्यांनी!"

मारेनच्या तोंडचं पाणी पळालं. उन्हाळ्यात प्रवेशाचा अर्ज करायचा, आणि तीन वर्षं ती जीव तोडून शेवाळाच्या जाती घोकत होती! बरं, विचारायला कोणी नव्हतं असंही नाही. गावातला एकुलता एक डेंटिस्ट तिचाच बाप. पण डॉक्टर म्हटलं की जीवशास्त्र, हे मारेनबाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

शनिवारी ती घरी गेली. बाप गुणगुणत पॅनकेक उलटत होता. दाढ कोरतानाही तो असाच गुणगुणायचा. सुई परवडली, गाणं आवरा, म्हणून पेशंट त्याची खेचायचे.

"डॅड, कॉलेजात तुझा मुख्य विषय काय होता?"

"संगीत. का गं?"

मारेन मटकन खुर्चीत बसली. "संगीत? आणि मला बोलला नाहीस?"

"तू विचारलंस कधी? जीवशास्त्र घेतलंस, म्हटलं आवडत असेल. तुझ्या निवडीत मी कशाला नाक खुपसू?"

मिनेसोटातली माणसं अशीच भिडस्त. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी दार वाजवून विचारतील, आम्ही तुम्हाला त्रास तर देत नाही ना?

"मला कुंभारकाम घ्यायचं होतं, डॅड! तुला बरं वाटावं म्हणून सोडलं."

बापाचं उलथनं हातातच राहिलं. पॅनकेक करपायला लागला.

"अगं, पण चाक विकू का, असं मी विचारलं होतं. तू म्हणालीस, वीक."

सोळाव्या वाढदिवसाला त्यानेच दिलेलं कुंभाराचं चाक. गॅरेजात त्याच्या जागी आता बर्फ काढायचं यंत्र उभं होतं.

"ते चाक गिऱ्हाइकाकडे पोचवून परत येताना रस्त्यात गाडी थांबवून रडलो मी," बाप म्हणाला. "तुला कळू नये म्हणून."

"मीपण रडले," मारेन म्हणाली. "वर, माझ्या खोलीत."