पाणी येते

नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर मी एकवीस वर्षं बसतोय. लोकांच्या शिव्या खाऊन माझी कातडी गेंड्याची झालीय म्हणतात. कुठली व्हायला!

मावशीचं घर समुद्राकडच्या गल्लीतलं शेवटचं. पूर्वी ते शेवटचं नव्हतं, पण पुढची दोन घरं वाहून गेली. भरतीला तिच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी चढायला लागलं, तेव्हा तिने माझ्याच खिडकीवर अर्ज दिला : "घरात पाणी येते." मी शिक्का मारून तो पाणीपुरवठ्याकडे धाडला, कारण पाण्याचं आमच्याकडे तेवढं एकच खातं. आठवड्याने शेरा आला : "पाणी येते. सबब तक्रार निकाली."

"अरे, तुमच्या साहेबांना वाचता तरी येतं का?" मावशी म्हणाली.

"तेवढंच येतं," मी म्हणालो.

दुसऱ्या अर्जावरही तोच शेरा. तिसरा अर्ज मीच चिडून लिहिला : "घरात समुद्र येतो." या वेळी उत्तर थेट मोठ्या साहेबांच्या सहीने आलं. ते घेऊन मी संध्याकाळी मावशीकडे गेलो. ती पाण्यात उभी राहून खालचे डबे वरच्या फळीवर चढवत होती.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं, "समुद्र नगरपालिकेच्या हद्दीत येत नाही."

तिने आपल्या पायांकडे पाहिलं. पाणी पोटरीपर्यंत आलं होतं.

"मग हे त्यालाच वाचून दाखव," ती म्हणाली आणि पिठाचा डबा माझ्या हातात दिला. वरची फळी भरली होती. डबा घेऊन मी तसाच उभा राहिलो.