खिशात ठेवलेला कान

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या पेराएवढा माझा देह. रंग कधीकाळी कातडीसारखा होता, आता चहाच्या डागासारखा झाला आहे. मी एका मिस्त्रीच्या उजव्या कानामागे बसणारे जुने श्रवणयंत्र आहे.

माझा जन्म एका थंड, स्वच्छ खोलीत झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका भिंगाखाली माझ्या तारा जोडत. तिथून मी मिस्त्रीकडे आले. चेपलेली लोखंडी पिंपे हातोड्याने ठोकून सरळ करणे हे त्याचे काम. त्या दणदणाटात त्याचे कान गेले होते.

दवाखान्यात मला पहिल्यांदा त्याच्या कानाला लावले, तेव्हा त्याची आई शेजारी बसली होती. "येतंय का रे ऐकू?" तिने विचारले. मिस्त्री तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "आई, तुझा आवाज किती म्हातारा झाला गं." त्या दिवशी आईने भेटेल त्याला मला दाखवले. एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही.

कारण मिस्त्रीला दारूची सवय होती. आधी सुट्टीच्या दिवशी, मग कामावरून आल्यावर, मग कामावर जाण्याआधी. आई बोलायची. पलीकडच्या गल्लीत दिलेली बहीण रोज डबा घेऊन यायची, तीही बोलायची. मिस्त्रीने त्यावर सोपा उपाय काढला. बाटली उघडण्याआधी तो मला कानातून काढून शर्टाच्या खिशात टाकी. मग कोणी कितीही कानीकपाळी ओरडो. खिशातला तंबाखूचा चुरा आणि घाम माझ्या नळीत साचू लागला. पण मित्रांनो, खिशातही मी चालूच असे. आवाज माझ्यापर्यंत येत, ते पुढे न्यायला कान नसे.

एका सुट्टीच्या दुपारी मिस्त्री पुढच्या खोलीत पीत बसला होता. मागे न्हाणीघरात आई पाय घसरून पडली. तिने हाका मारल्या. मग ती तांब्या फरशीवर आपटत राहिली. ते सगळे आवाज खिशात माझ्यापर्यंत आले. मिस्त्री भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. संध्याकाळी बहीण आली, तोवर तांब्याचा आवाज थांबला होता. आई दवाखान्यात काही दिवस जगली, पण घरी परतली नाही.

बहिणीने बोलणे टाकले. डबा मात्र ती उंबऱ्यावर ठेवून जाई. मिस्त्री आणखीच पिऊ लागला. अखेर एकदा ती डबा ठेवताना म्हणाली, "शाळेच्या मागच्या खोलीत रविवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. जायचं तर जा, दादा."

रविवारी तो निघाला. हात थरथरत होते, म्हणून मी कानात नीट बसले नाही आणि शिट्टी वाजवू लागले. शाळेच्या फाटकाशी त्याने रखवालदाराला दबक्या आवाजात विचारले. रखवालदारही बिचारा दबक्या आवाजातच बोलला.

"जरा मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं."

"दारूवाल्यांची बैठक ना?" रखवालदार ओरडला. "ती इथून हलली. मोठ्या दवाखान्याच्या मागे भरते आता."

रस्त्यावरची माणसे वळून बघू लागली. मिस्त्रीचा कान तापला, मला तो चटका जाणवला. वाटेत दारूचे दुकान होते. तिथे तो थांबला. त्याचा हात माझ्याकडे आला, तेव्हा मला वाटले, आता खिसाच. पण त्याने मला आत घट्ट दाबले आणि तो चालू लागला.

दवाखाना तोच होता, जिथे आई गेली. मागच्या बाजूला एका दारातून बाकांवर गप्प बसलेली माणसे दिसली. तो आत जाऊन बसला. शेजारच्या माणसाने विचारले, "तुमचं कोण गेलं?"

ती शवागाराबाहेरची खोली होती. मिस्त्री म्हणाला, "आई." मग खाली मान घालून त्याने बैठकीचे विचारले.

"ती पलीकडे, धुण्याच्या खोलीत," तो माणूस म्हणाला. "इथून उठून जाता येतंय तोवर जा."

धुण्याच्या खोलीत मोजकीच माणसे होती. एक बाई खालच्या आवाजात बोलत होती. मिस्त्रीला काही कळेना. "मोठ्याने बोलाल का?" तो म्हणाला. बाई क्षणभर अडखळली. अशा गोष्टी मोठ्याने बोलणे सोपे नसते. मग ती स्पष्ट म्हणाली, "माझी मुलगी दार वाजवत होती आणि मी पिऊन आत पडले होते." मिस्त्रीचा हात पुन्हा माझ्यापर्यंत आला, आणि तसाच खाली गेला.

तिथून तो थेट बहिणीच्या दारात गेला. "आई शेवटी काय बोलायची, ते तू सांगितलं नाहीस."

"तुला ऐकवणार नाही."

"सांग."

बहीण म्हणाली, "ती म्हणायची, त्याला रागावू नकोस. माझ्या हाका त्याला ऐकू कशा जाणार, त्याचं मशीन बिघडलं असेल. मी तिला खरं सांगितलं नाही."

मिस्त्री दारातच खाली बसला. मित्रांनो, मी बिघडले नव्हते.

अजून तो बैठकीला जातो. एखाद्या रविवारी जात नाही, तेव्हा मी कुठे असते ते सांगायला नको. माझा आवाज आता खरखरतो, फार दिवस उरले नाहीत. तुमच्या घरी माझे कोणी भावंड असेल तर त्याला कोरडे ठेवा, मळ पुसा. आणि घरातले कोणी बोलत असेल, तर ते कितीही कडू असो, माझ्या त्या भावंडाला कानातून काढू नका.